काखेतला श्वास

सिल्लोडच्या ज्या शाळेच्या मैदानावर निवृत्तीनंतर अकरा वर्षे मी मुलांना बँडपथकाचा ताल शिकविला, त्या मैदानाच्या कडेच्या निंबाखाली दर जूनमध्ये नवी मुले येऊन उभी राहिली म्हणजे पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी काही बोलत नसे. काखेत पिशवी धरून ती फुंकणीने भरीत असे, तळव्याची एक थाप तिच्यावर देऊन खांद्यावरचे तिन्ही ड्रोन एकदम जागे करीत असे, आणि एखादी डोंगरी चाल अर्धीमुर्धी वाजवून झाल्यावर, वाजणे चालू असतानाच, फुंकणी ओठांतून काढून मुलांकडे पाहत असे. तोंड मोकळे, गाल सैल, आणि तरीही सूर अखंड! एका वर्षी शिवन्याहून येणाऱ्या एका मुलाने सगळ्यांच्या मनातले विचारून टाकले : "सर, तुम्ही तर फुंकायचं थांबले. मग आता वाजवून कोण राह्यलं?"

यंत्ररचनेच्या भाषेत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील ज्या वाद्याला आपल्या पलटणींत नुसते पाइप म्हणतात आणि गढवालकडे मशकबीन, त्याच्या चामडी पिशवीला पाच नळ्या जोडलेल्या असतात : एक फुंकणी, जिच्या आतल्या तोंडाशी हवा परत येऊ न देणारी लहानशी झडप असते, एक चँटर, म्हणजे बोटांनी वाजविण्याची, सनईच्या कुळातील नळी, आणि खांद्यावर टेकलेले तीन ड्रोन, त्यांपैकी दोन आखूड चँटरच्या षड्जाखाली एक सप्तक आणि एक लांब दोन सप्तके बोलणारा, ज्यांना षड्जावाचून दुसरे काही ठाऊकच नसते. वादक फुंकतो तेव्हा दंड सैल सोडतो. श्वास घेतो तेव्हा तोच दंड बरगडीकडे दाबतो. आणि या दोहोंमधला सांधा ऐकणाऱ्याच्या कानाला लागू नये म्हणून आयुष्याची काही वर्षे खर्ची घालतो. मुलांना मी एवढेच सांगत असे की, मघाशी घेतलेला श्वास आता वाजत आहे. परंतु हे सांगताना दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे पाइप येत नसे, माझ्या वडिलांचे गाल येत.

दादा सनई वाजवीत, आजोबाही वाजवीत, आणि त्यांच्या मागे किती पिढ्या वाजवीत आल्या याचे दप्तर कोणी ठेवलेले नाही. सुगीला मिळणारे धान्याचे बलुते, लग्नसराईत मिळणारा शेला-नारळ आणि सणावारी देवळापुढची हजेरी, एवढ्यावर आमचे घर चाले. नाकाने श्वास आत घेत असताना गालांत साठविलेली हवा सनईत सोडीत राहण्याची जी साधना वाजंत्र्याला लहानपणी करावी लागते, ती दादांनी मला पाण्याच्या वाटीत ज्वारीच्या धाटाची नळी बुडवून शिकविली : बुडबुडे थांबता कामा नयेत, आणि श्वास तर घेतलाच पाहिजे. पुढे पलटणीत पहिल्यांदा पिशवी काखेत घेतली तेव्हा मला जे आश्चर्य वाटले, ते परक्या वस्तूचे मुळीच नव्हते. कोणा शहाण्या धनगराने माणसाचा गाल बाहेर काढून काखेत दिला आहे, असे मला वाटले.

मी दहा वर्षांचा असताना एका लग्नात दादांच्या शेजारी बसून सूर धरीत होतो. सूर धरणे म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच एक स्वर अखंड चालू ठेवणे. मांडवाबाहेर एका चिंचेच्या सावलीत आमची जागा होती. दुपारी पाहुण्यांच्या बैलगाड्या आल्या. बैलांना सावली हवी म्हणून आम्हांला उन्हात सरकायला सांगण्यात आले, आणि दादा, ओठांवरची सनई न काढता, वाजवीत वाजवीतच उठून उन्हात जाऊन बसले. त्यांच्या मागून मीही तसाच उठलो. माझा सूर मात्र तुटला. त्या रात्री घरी येताना ते मला एवढेच म्हणाले, "सूर तोडायचा नसतो रे." सावलीविषयी ते काहीच बोलले नाहीत. ती गोष्ट मी त्यांना पुढेही कधी विचारली नाही, आणि आता तो अवकाश उरलेला नाही.

१९७२ च्या दुष्काळात बलुतेही गेले आणि लग्नेही गेली. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्यांच्या रांगेत आमचे सारे घर बसले. मायच्या ओटीत सुकडी, हाताला फोड, आणि दादांची सनई आढ्याला फडक्यात बांधलेली. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निझामी अंमलाखाली होता; सातारा-कोल्हापूरकडे घराघरातून पलटणीत जाण्याची जी परंपरा होती ती आमच्याकडे नव्हती, आणि म्हणून १९७३ साली औरंगाबादेच्या छावणीत भरती आहे असे कळल्यावर गावातून मी एकटाच निघालो, तो देशसेवेचा विचार करून निघालो असे म्हणणे खोटे होईल; पोटाला दोन वेळा मिळेल म्हणून निघालो. उंची घेतली, छाती मोजली, धाववले, आणि शेवटी टेबलामागच्या कारकुनाने विचारले, "घरचा धंदा काय?" मी म्हणालो, "वाजंत्री." त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि कागदावर काही खूण केली. गावात जो शब्द खाली मान घालून उच्चारावा लागे, त्या शब्दापुढे सरकारी दप्तरात खूण झाली आणि त्या खुणेने माझे पुढचे १८ वर्षांचे आयुष्य ठरले.

बेळगावात, जिथे १९२२ पासून मराठा पलटणींचे केंद्र आहे, शिपाईगिरीचे शिक्षण संपल्यावर मला बँडमध्ये घेतले. पिशवी लगेच कोणी हाती देत नाही. प्रथम नुसता सरावाचा चँटर, शिट्टीएवढ्या आवाजाचा. त्यावर बोटे बसायला माझे सहा महिने गेले आणि तेही सनईची सवय आडवी आली म्हणून. सनईत बोट अर्धे उचलून, ओठ आवळून स्वर ओढता येतो, हळू करता येतो, मधे थांबता येते. पाइपला यांतले काही चालत नाही. त्याला लहान-मोठा आवाज नाही, कारण रीड ओठांत नसते, नळीच्या आत झाकलेली असते. आणि त्याला विराम नाही, कारण पिशवीत हवा आहे तोवर नळी बोलणारच. मग तोच स्वर दोनदा लागोपाठ वाजवायचा कसा? त्या दोहोंमध्ये बोटाच्या एका निमिषार्धाच्या झटक्याने तिसरा स्वर चाटून जावा लागतो. आपल्याकडे ज्याला कण म्हणतात तो हाच; मात्र गाण्यात कण हा अलंकार, आणि पाइपमध्ये तो स्वरांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारा कुंपणाचा दगड. आमचे उस्ताद हे सारे झटके तोंडाने म्हणून दाखवीत आणि आमच्याकडून वदवून घेत. स्कॉटलंडातही असेच आहे, हे मला फार उशिरा कळले. तिथे स्काय बेटावर मॅक्रिमन नावाचे वंशपरंपरागत पाइपरांचे घराणे होते, आणि अशा घराण्यांच्या परंपरेत चाली कागदावर येण्यापूर्वी पिढ्यान् पिढ्या अक्षरांच्या बोलांत गाऊनच शिकविल्या जात. आमच्या घरातही तबल्याचे बोल आणि संबळाचे बोल ह्याच रीतीने उतरत आले.

आणखी एक गोष्ट मला बेळगावच्या त्या बराकीत, एका रात्री दिवे गेलेले असताना उमगली, आणि तिचा आनंद अजून ओसरलेला नाही. चँटरवर सगळे मिळून नऊच स्वर. सर्वांत खालचा सोडून वरच्या आठांवर बोटे फिरवीत गेलो : सा, रे, ग, म, प, ध, आणि मग शुद्ध निषादाच्या जागी कोमल, आणि वरचा सा. सोडलेला खालचा स्वर तोही कोमल निषादच, मंद्रातला. हा तर खमाज! दादा वरात परतताना जी धून वाजवीत, तिच्यासाठी लागणारे सारे स्वर सातासमुद्रापलीकडच्या त्या लाकडी नळीत अगोदरच भोके पाडून ठेवलेले होते. शिवाय ते स्वर पेटीसारखे बरोबरीने वाटून घेतलेले नसतात. ड्रोनच्या षड्जाशी कानाने मिळविलेले असतात. म्हणून पेटीचा गंधार तंबोऱ्याबरोबर जो किंचित चढा भासतो तसा पाइपचा भासत नाही. तो षड्जाच्या मांडीवर येऊन बसतो. परदेशी वाद्य शिकताना आपल्या कानाला काही विसरावे लागले नाही, असा अनुभव माझ्या सोबत्यांपैकी अनेकांना आला असावा. कारण अखंड षड्जावर राग उभा करण्याची रीत ज्या थोड्या लोकांनी जपली आहे, त्यांत आपण आणि ते डोंगरी लोक शेजारी शेजारी बसतो.

हे वाद्य आपल्या सैन्यात कसे आले ते थोडक्यात सांगून टाकतो. १७४६ साली स्कॉटलंडातील बंड मोडल्यावर जेम्स रीड नावाच्या एका पाइपरावर यॉर्क येथे खटला चालला. आपण शस्त्र धरले नाही, केवळ वाजवीत होतो, असे त्याच्यातर्फे सांगण्यात आले. त्यावर न्यायासनाने म्हटले की डोंगरी पलटण पाइपरावाचून कधी चालून जात नाही, तेव्हा पाइप हे कायद्याच्या दृष्टीने लढाईचेच हत्यार होय. आणि त्याला फाशी दिले. पुढे त्याच डोंगरी लोकांच्या पलटणी इंग्रजांनी साऱ्या जगभर लढविल्या, आणि एकोणिसाव्या शतकात शीख, पंजाबी, गुरखा, गढवाली अशा हिंदी पलटणींनी त्यांचे पाहून पाइप उचलले. राज्य गेले, पाइप राहिले. आज दर २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात संध्याकाळी जे पाइप वाजतात त्यांवर बहुतेक चाली आपल्याच वादकांनी बांधलेल्या असतात. आणि शाळांच्या राष्ट्रीय बँड स्पर्धेत पितळी बँडप्रमाणे पाइप बँडचाही, मुलांचा व मुलींचा, स्वतंत्र गट असतो.

पलटणीबरोबर फिरत असताना वाद्याचा स्वभाव मला हवामानागणिक नव्याने शिकावा लागला. राजस्थानात रीड सुकून कर्कश होई आणि चँटरचा सूर चढत जाई. ड्रोन मागे राहत, आणि सरकत्या नळ्या आत ढकलून त्यांची समजूत घालावी लागे. हिमाचलात बोटांची पेरे भोकांवर आहेत की नाहीत हेच कळत नसे. पावसाळ्यात पिशवीत ओल धरे. कातडी पिशवी हवाबंद राहावी म्हणून तिच्यात अधूनमधून मधासारखा एक चिकट मसाला ओतून ती आतून चोळावी लागते. ते काम मी दुसऱ्या कोणाला देत नसे. पचमढीच्या सैनिकी संगीत शाळेत, जी १९५० साली स्थापन झाली, मी शिक्षणासाठी गेलो तेव्हा भुसावळ, खंडवा, इटारसी करीत पिपरियाला उतरेपर्यंत रात्रभर पाइपची पेटी मांडीवर धरून बसलो होतो. तिथेच एका सुताराने मला माझ्या चँटरचे लाकूड हातात घेऊन सांगितले की हे शिसवीचेच. खरे म्हणजे स्कॉटलंडात जे काळे आफ्रिकी लाकूड वापरतात आणि आपल्याकडे जे शिसम वापरतात, ती दोन्ही झाडे शिसवीच्याच गोतातील. तेव्हा तो काही चुकला नव्हता.

आणि कवायतीच्या मैदानावरचा तो क्षण! लाइट इन्फन्ट्रीचे पाऊल जलद, मिनिटाला १४० च्या हिशेबाने. प्रथम साइड ड्रमचे दोन लोळ. पहिल्या लोळावर पिशवीला थाप आणि ड्रोन जागे. दुसऱ्यावर सर्वांचा चँटर एकाच निमिषी उघडतो. त्या एका निमिषात कोणाची घाई किंवा दिरंगाई झाली तर साऱ्या मैदानाला कळते. ते जेव्हा जुळून येई, सोळा खांद्यांवरचे अठ्ठेचाळीस ड्रोन एका षड्जात विरघळत, तेव्हा माझा पाइप मला ऐकूच येत नसे. आपण वाजवीत आहोत की नाही हे केवळ बरगडीला लागणाऱ्या कंपावरून समजे. त्या सुखाची मी अनेकदा तुलना शोधली. आळंदीच्या वाटेवर दिंडीतल्या टाळकऱ्याला कदाचित ते ठाऊक असेल.

परंतु बँडवाल्याची दुसरी एक नोकरी असते, आणि तिच्याविषयी लोकांना फारशी माहिती नसते. शांततेत आम्ही वाजवितो. लढाईत आम्ही स्ट्रेचर उचलतो. जखम बांधण्याचे, हाड न हलवता माणूस उचलण्याचे, रक्त थांबविण्याचे शिक्षण चँटरच्या बरोबरीने आम्हांला देत. १९८७ च्या ऑक्टोबरात आमची पलटण श्रीलंकेत जाफन्याच्या बाजूला उतरली तेव्हा सारे पाइप इकडे कोठारात कुलुपात होते. तांबडी माती, ताडांची बने, आणि कुठून गोळी येते ते न दिसणारी कुंपणे. तिथे एका सकाळी रायफल कंपनीतला बीडकडचा एक तरुण शिपाई आम्ही दोघांनी उचलला. डॉक्टरसाहेबांच्या ठाण्यापर्यंत दीड-दोन मैल असावेत. स्ट्रेचर नेताना पाऊल मोडून टाकावे लागते, दोघांची पावले एकत्र पडली तर जखमीला हिसके बसतात. जन्मभर एकत्र पाऊल टाकायला शिकलेल्या बँडवाल्याला हे किती कठीण जाते ते मला त्या दिवशी समजले. तो वाटेत दोनदा म्हणाला, "काका, बोलत राहा." मला काही सुचेना, मी खमाजातली ती वरातीची धून तोंडाने म्हणत राहिलो. तो वाचला.

काही महिन्यांनी परत आल्यावर पेटी उघडली तर पिशवी वाळून लाकडासारखी झाली होती आणि रीडांवर बुरशी. मी ती टाकून दिली नाही. मऊ होईपर्यंत आठ दिवस चोळली.

१९९१ साली निवृत्त होऊन मी गावी आलो, तेव्हा स्वतःच्या पैशांनी मेरठला घेतलेला एक पाइप माझ्या सामानात होता. मेरठची जली कोठी म्हणजे साऱ्या उत्तर हिंदुस्थानच्या बँडांचे माहेर; तिथे १८८५ पासून वाद्ये घडविणारी पेढी आहे, आणि आपल्या सिल्लोडच्या लग्नांत जे पितळी भोंगे वाजत आले त्यांतील कितीतरी तिकडचेच. माय पेटीकडे पाहून म्हणाली, "हे बिनमुंडक्याचं बोकड कायले आणलं रे?" दादा ओसरीवर बसले होते. त्यांचे दात गेले होते, सनई सुटली होती. मी वाजविले. ते डोळे मिटून ऐकत राहिले, आणि माझ्या सर्व सैनिकी प्रशस्तिपत्रांच्या मोलाचे एक वाक्य बोलले : "थोरला उतरलाय." खरोखरच लांब ड्रोन केसभर उतरला होता. मी नळी आत सरकविली. मग त्यांनी हात पुढे केला.

फुंकण्याइतका दम त्यांच्या छातीत नव्हता. म्हणून मी त्यांच्या पाठीशी खेटून बसलो. पिशवी माझ्या काखेत, फुंकणी माझ्या तोंडात, आणि चँटर पुढे त्यांच्या बोटांत. पहिल्यांदा नुसता गोंगाट झाला. सनईच्या सवयीने ते बोट अर्धेच उचलीत आणि स्वर फाटे. मग त्यांनी युक्ती ओळखली, बोटे ताठ झाली, आणि हळूहळू, अडखळत, वरातीची ती धून आली. किती वेळ ते चालले असेल मला ठाऊक नाही. त्या वेळात मी दर श्वासाला सांधा लपविला. त्यांच्या स्वराला माझ्या दंडाचा धक्का लागू दिला नाही. विजय चौकात वाजविण्याची संधी मला एकदा मिळाली होती, परंतु त्याहून चांगले मी त्या संध्याकाळी वाजविले, आणि वाजविणारा तर मी नव्हतोच.

१९९६ च्या मार्गशीर्षात ते गेले. भाऊबंद म्हणाले, एवढा मोठा वाजंत्री गेला, त्याच्यापुढे तुझे ते फौजेचे वाजव. पाइप मी काढला होता, भरलाही होता. तिरडी उठली तेव्हा मात्र मला तो खांद्यावर ठेवता येईना; तो ओसरीवर ठेवला आणि पुढच्या बांबूला खांदा दिला. पुढे काहींनी बोलून दाखविले की वाजवायला हवे होते. मी त्याचा खुलासा कोणाला केला नाही, कारण मलाही तो ठाऊक नव्हता.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, ओळखीच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी वाचायला दिलेल्या, डोंगरी पलटणींच्या इतिहासाच्या एका जाड ग्रंथात मला आसई हे नाव दिसले आणि मी उठून बसलो. आसई भोकरदनच्या पुढे, जालना जिल्ह्यात; आमच्या तालुक्याची शेजारीण. पालोदजवळ ज्या खेळणा नदीवरच्या धरणाचे पाणी सिल्लोड पिते, तीच खाली भोकरदनवरून वाहत आसईच्या रानात जाते, आणि तिला इंग्रजी दप्तरात कैलना म्हटले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी ती ओलांडून आर्थर वेलस्लीची फौज, सुमारे साडेचार हजारांची, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या कितीतरी पट मोठ्या फौजेवर चालून गेली. खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यात लढाई झाली. फौजेत दोन डोंगरी पलटणी होत्या : उजवीकडे ७४ वी, डावीकडे नदीच्या बाजूला ७८ वी. ७४ वी चुकून गावाच्या अंगाने फार पुढे गेली आणि तोफांच्या तोंडी पडून तिचे जवळपास सारे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. आपल्या गोलंदाजांनी, तोफा सोडून पळण्याऐवजी, संगिनी अंगात शिरेपर्यंत त्या चालविल्या. हे शत्रूनेच लिहून ठेवले आहे. इंग्रजांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. आपल्या बाजूचा असा हिशेब कोणाच्या दप्तरात नाही, आणि आपल्या बाजूला कोण वाजवीत होते, त्यांचे काय झाले, हे तर कोणी विचारलेलेच नाही. ते मला लागते.

त्याच ग्रंथात ७८ व्या पलटणीच्या एका पाइपराची हकिकत होती. वादकांनी जखमींना उचलून मागे वैद्यांकडे न्यावे असा हुकूम सुटला. हा हुकूम आपल्यालाही आहे असे समजून त्या पाइपराने पाइप खाली ठेवला आणि जखमी उचलले. लढाईनंतर सोबत्यांनी त्याची छी-थू केली : बासरीवाल्यांनी मागे जावे, त्यांचे काही अडत नाही, पण पाइपराने ऐन रणात पाइप टाकून शिट्ट्या वाजविणाऱ्यांबरोबर मागे जावे! तो खचून गेला. दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, वऱ्हाडात अडगावच्या लढाईत त्याने पुढे होऊन असे काही वाजविले की शिपाई रांग मोडून वेळेआधीच धावत सुटू लागले आणि कर्नलला त्याचे वाजविणे थांबवावे लागले. इतिहासकाराने ही हकिकत कलंक धुतला गेला या समाधानाने सांगितली आहे. त्या पाइपराचे नाव मात्र दिलेले नाही.

मला ते समाधान मान्य नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी माणसाला मी माझ्या साक्षीने सांगू इच्छितो की, त्याच्यावर कलंक नव्हताच. पाऊल मोडून, हिसका न देता, उतारावर माणूस उचलून नेण्यात काय पडते ते मी जाणतो. आणि त्यासाठी पाइप खाली ठेवावा लागतो.

पुढच्याच २३ सप्टेंबरला मी एस.टी.ने आसईला गेलो. कपाशीला बोंडे धरली होती, मका उभा होता, जुईला थोडे पाणी होते. बांधावर पेटी उघडली. जवळच गवत कापणारे एक म्हातारेबाबा विळा ठेवून आले आणि मला म्हणाले, "मेजर, कोणाच्या लग्नाची सुपारी हे?" मी म्हणालो, "लग्न नाही बाबा, असंच." "असंच कोणी वाजवतं का?" ते म्हणाले, आणि खाली बसले. मी पिशवी भरली, थाप दिली, आणि डोंगरी चाल न वाजविता वरातीची धून वाजविली. एकदा त्या पाइपरासाठी, एकदा तोफांपाशी राहिलेल्यांसाठी, आणि ओसरीवर एकदा राहून गेले होते म्हणून एकदा. बाबा शेवटपर्यंत बसले होते. मी चँटर थांबविला तरी ड्रोन काही क्षण बोलत राहिले, मग पिशवी हळूहळू बसली.

त्या लढाईतल्या जखमींना वेलस्लीने पुढे डोल्यांतून अजिंठ्याला हलविले. गावाच्या तटबंदीत त्यांचे इस्पितळ होते. त्या डोल्या उचलणाऱ्यांचा रस्ता नेमका कोणता ते कोण सांगणार, पण आसईहून अजिंठ्याला जायचे तर सिल्लोडचे रान फार दूर राहत नाही. परत येताना एस.टी. भरलेली होती. पेटी मांडीवर घेऊन मी उभ्या लोकांत कसाबसा बसलो. भोकरदन गेले, आणि खड्ड्यागणिक पेटीतून पिशवीत उरलेली हवा बारीक आवाज करीत राहिली. दिवेलागणीला मी सिल्लोडच्या स्थानकावर उतरलो. गाडी पुढे अजिंठ्याकडे गेली.